हात टेकायच्या आधी

आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्या दिवशी गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नसे. मोटारी, पाइप, पिंपं, बादल्या यांचीच धांदल. आणि मी मात्र टॉवेल आणि गॉगल पिशवीत टाकून पप्पांच्या स्कूटरवर मागं बसलेली असायचे. शेजारच्या काकू एकदा आईला म्हणाल्या, “इथं हंडा भरायला पाणी नाय, अन् तुमची पोरगी पाण्यात लोळायला चालली.” आई हसली, पण घरात आल्यावर तिनं पातेलं जरा जोरातच आपटलं. पप्पांना काही वाटलं नाही. ते चिकलठाण्याला एका कंपनीत फिटर होते. पहिली पाळी सुटली की अंगावरच्या तेलाच्या डागांसकट मला तलावावर आणून सोडायचे आणि दोन तास बाकावर बसून राहायचे. ते स्वतः गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. माझ्या पोहण्यातलं त्यांना फार कळायचं नाही, पण मी भिंतीला हात लावला की ते बाकावरून थोडे उठायचे.

तलावावर चाचा होते. तसे ते जीवरक्षक, पण शिकवायचेही तेच. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दखनी. आमच्या लहान पोरींची रिले ते फार मन लावून घ्यायचे. चार जणींची शर्यत. पाण्यातली मुलगी भिंतीला हात लावते तोवर पुढचीचे पाय ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या उंचवट्यावरून, सुटता कामा नयेत. सुटले तर चौघीही बाद. मी नेहमी घाई करायचे. चाचा काठावरून ओरडायचे, “दिखा तो नइं जाने का! लगा तो जाने का!” मग मला बाजूला घेऊन मराठीत सांगायचे, “बेटा, एकटीच्या शर्यतीत चूक केली तर तुझं जातं. रिलेत चूक केली तर तिघींचं जातं.”

सोळाव्या वर्षी मी पुण्याला होस्टेलवर गेले. तिथून राज्याच्या संघात, आणि एकोणीस वर्षांची असताना देशाच्या शिबिरात. चार वर्षांतून एकदा भरणाऱ्या त्या मोठ्या खेळांसाठी संघ निवडायचा होता. पुष्कळ देश, पुष्कळ खेळ, एक अख्खं गाव फक्त खेळाडूंसाठी वसवलेलं. त्या गावात आपली एक कॉट असेल, हे मी रोज झोपण्याआधी मनात म्हणायचे.

शिबिरात मला जी खोली मिळाली तिच्यात आधीच एक जण राहत होती. कोल्हापूरची, अठ्ठावीस वर्षांची. मी तिला ताई म्हणायला लागले. याआधी दोनदा या खेळांच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली होती. पहिल्यांदा निवडीत थोडक्यात मागं पडली, दुसऱ्यांदा तिकीट हातात असताना खांदा निखळला. आता घरच्यांनी ठरवलेलं लग्न तिनं दोनदा पुढं ढकललं होतं. “ह्या खेपेला फायनल पोहले, की पाण्याला रामराम,” ती म्हणायची. “मग कोण म्हणेल त्याच्याशी लग्न करतो बघ. नुसता तो भिंतीला धरून तरी पोहणारा पाहिजे.” ती बोलण्याच्या ओघात ‘करतो, जातो’ म्हणायची. मला फार हसू यायचं, आणि मी हसले की ती मुद्दाम आणखी म्हणायची.

रोज सरावानंतर ती खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून भिंतीला टेकून बसायची. दुखायचं तेव्हा बोलायची नाही, नुसते पाय हलवायची. पण मला काही कमी पडलं तर तिला आधी कळायचं. शर्यतीच्या दिवशी दोन टोप्या घालायच्या आणि गॉगलचा पट्टा दोन्हींच्या मध्ये घ्यायचा, म्हणजे उडीत गॉगल निघत नाही, हे तिनं शिकवलं. स्पर्धेला जायच्या आधी मी घाबरून जेवत नव्हते, तेव्हा ताट घेऊन शेजारी बसली. “खा की गं. उपाशी पोरीच्या आधी पोहून माझं काय भलं व्हायचं?”

आम्हा दोघींची निवड झाली होती. आमची चार जणींची रिले होती. ताई तिसरी, मी शेवटची. म्हणजे तिच्या हाताची वाट मी बघायची.

तो दिवस मला सगळा आठवतो. सकाळी प्राथमिक फेरी होती. त्यात पहिल्या आठांत आलो असतो तर संध्याकाळी फायनल. पदकाची आशा कुणालाच नव्हती, खोटं कशाला बोलू. पण त्या खेळांच्या फायनलमध्ये पोहणं, एवढंच ताईला हवं होतं, आणि त्या सकाळी ते होण्यासारखं होतं. पहिल्या दोघी छान पोहल्या. ताईनं उडी मारली तेव्हा आमच्या शेजारच्या लेनमधली मुलगी पुढं होती. येताना ताईनं तिला गाठलं. मी ब्लॉकवर वाकून उभी होते. ताईला इतक्या वेगानं येताना मी सरावातही पाहिलं नव्हतं. पाणी तिच्या डोक्यावरून मागं जात होतं. आता मी, आता मी.

तिचा हात दिसला. आणि मी गेले.

हवेत असतानाच मला कळलं. कुणाला सांगावं लागलं नाही. पाण्यात शिरायच्या आधी जो एक क्षण असतो, त्यात मला स्वच्छ कळलं, की हात अजून लागला नव्हता. मग मी काय केलं? पोहले. दुसरं करणार काय! आयुष्यात कधी पोहले नव्हते तशी पोहले, जणू पुरेसं जोरात पोहलं तर ते पुसलं जाणार होतं.

भिंतीला हात लावून वर बघितलं तर तिघी ब्लॉकपाशी ओरडत होत्या. आम्ही आठांत होतो, चांगल्या आत होतो. मी बाहेर आले तशी ताईनं मला मिठी मारली. तिचा दुखरा खांदा माझ्या हनुवटीला लागला, पण तिनं सोडलं नाही. ती हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “संध्याकाळी! संध्याकाळी पोहायचं गं!” एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी तिच्या खांद्यावरून फलकाकडं बघत होते. एकेक देशासमोर वेळ येत होती. आमच्या समोरची वेळ गेली आणि तिथं दोन इंग्रजी अक्षरं आली. बाद.

ताईची पाठ फलकाकडं होती. बाकीच्या दोघी गप्प झाल्या म्हणून ती वळली.

आत गेल्यावर संघाचे व्यवस्थापक धावत आले. “काय झालं? बदल कुठं चुकला? कोण गेलं आधी?” त्यांच्या हातात अजून कागद नव्हता. फक्त तिसरी आणि चौथीमध्ये गडबड झाली, एवढंच त्यांना कळलं होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी ताई म्हणाली, “सर, माझा टच नीट बसला नाही. पॅडवर हात हलका पडला माझा. मशीननं उशिरा धरला.”

असं होतं कधीकधी. हात हलका पडला तर भिंतीवरच्या पॅडला तो कळत नाही आणि पुढची मुलगी आधी सुटल्यासारखी दिसते. व्यवस्थापकांनी मान हलवली. “अगं, एवढ्या अनुभवी मुलीनं…” ते म्हणाले.

मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळदा स्वतःला काहीबाही सांगितलं आहे. मी लहान होते. मी थरथरत होते. मला वाटलं तिलाच खरं माहीत असेल, कदाचित खरंच हात हलका पडला असेल. पण यातलं काही खरं नाही. मला सुटका दिसली आणि मी ती घेतली.

पुढचे पाच दिवस आम्ही एकाच खोलीत राहिलो. ताई कमी बोलायची. एकदा मला विचारलं, “जेवलीस?” मी हो म्हणाले. विमानात ती माझ्या शेजारी होती. उतरताना तिनं माझी बॅग वरच्या कप्प्यातून काढून दिली, डाव्या हातानं, कारण उजवा वर जात नव्हता. मग ती तिच्या वाटेनं गेली.

इकडं शहरात बातमी पोचली ती व्यवस्थापकांच्या तोंडची. तिसऱ्या जलतरणपटूचा हात नीट न लागल्यामुळं संघ बाद. पप्पांनी कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाईलवर शर्यत पाहिली होती, चाळीस-पन्नास माणसं गोळा करून. मला घ्यायला आले तेव्हा स्टँडवरच म्हणाले, “रडायलीस कामून? तू तर लई भारी पोहलीस. समदे म्हणायलेत, त्या दुसऱ्या पोरीनं घोळ केला.”

आठ दिवसांनी क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला. गल्लीतल्या लोकांनीच पुढाकार घेतला होता. त्या काकूही आल्या होत्या, भरजरी साडी नेसून. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की आपल्या मराठवाड्याच्या लेकीचं पदक दुसऱ्याच्या हाताच्या चुकीनं हुकलं. पदक! टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात झेंडूचा एवढा मोठा हार घातला, की मान वाकली. पप्पांनाही हार घातला. ते माझ्याकडं बघून हसले. मी खाली बघितलं. दुसऱ्या रांगेत चाचा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते टाळ्या वाजवत नव्हते.

चहा सुरू झाला तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. मी गेले.

“तू पहले निकली थी ना, बेटा?” त्यांनी हळूच विचारलं. त्यांनी शर्यत कुठून तरी मिळवून थांबवत थांबवत पाहिली होती.

“हौ,” मी म्हणाले.

“तो फिर ये हार कायकू पहनी?”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, रागावलेही नाहीत. सायकल काढली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना सांगितलं. रविवार होता, ते वर्तमानपत्रातलं कात्रण जाड पुठ्ठ्यावर चिकटवत होते. मी सांगत असताना त्यांचा हात थांबला नाही. कडा नीट दाबल्या, वर वही ठेवली. मग म्हणाले, “मी कंपनीत त्या पोरीचं नाव घेऊन सांगितलं.”

“पप्पा…”

“नाव घेऊन सांगितलं गं मी. शिव्या दिल्या तिला.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “कुणाची तरी पोर हाय ती.”

ते कात्रण भिंतीवर लागलं नाही. कंपनीत त्यांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. एवढंच पाहिलं, की ते नंतर बरेच दिवस डबा परत आणायचे, अर्धा भरलेला.

मी संघाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. चूक माझी होती, ताईची नव्हती. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं, की निकाल झाला आहे, आता पुढच्या तयारीला लागा. त्यांच्या लेखी विषय संपला होता. ताईला मात्र मी लिहिलं नाही. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. खरं सांगायचं तर तिनं मला एकदा तरी शिवी घालावी, मग मी माफी मागेन, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ती शिवी आलीच नाही.

पुण्याला परत गेले. पोहणं चालू होतं, पण काहीतरी बिघडलं होतं. ब्लॉकवर उभी राहिले की पाय सुटायचे नाहीत. भोंगा वाजायचा, बाकीच्या पाण्यात असायच्या आणि मी तिथंच. पुण्याच्या सरांनी नाना प्रकार केले. डोळे मिटून उडी, मोजून उडी. काही होईना. वर्षभरात मी संघाच्या यादीतून खाली घसरत घसरत गेले, आणि एक दिवस यादीतच नव्हते. घरी परत आले.

त्याच सुमारास कुणाकडून तरी कळलं, की ताईनं पोहणं सोडलं, तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, लग्नही झालं. त्या संध्याकाळी पप्पा म्हणाले, “चल, जाऊ कोल्हापूरला.”

“मी एकटी जाईन.”

“तुझं तू जा. पण माझंबी काम हाय तिच्याकडं.”

सकाळच्या गाडीनं निघालो, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सासरी पोचलो. दार तिनंच उघडलं. साडीत मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. क्षणभर ओळखलं नाही, मग तिच्या रुंद खांद्यांवरून ओळखलं. उजव्या खांद्यावर, ब्लाउजच्या बाहेर, टाक्यांचा व्रण आला होता. “ये की,” ती म्हणाली. पप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

पप्पा बसलेच नाहीत. पेला हातात घेऊन उभ्या उभ्याच म्हणाले, “बाई, मी चार लोकांत तुझं नाव घेऊन वाईट बोललो. मला खरं ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय. मला माफ कर.” आणि त्यांनी हात जोडले. पेला हातात होता, त्यामुळं ते नीट जोडलेही गेले नाहीत, पाणी सांडलं.

“अहो काका, काय हे!” ताईनं पेला काढून घेतला. “बसा तुम्ही आधी. तुमचं काय चुकलं यात? बसा.” तिनं पदरानं त्यांच्या हातावरचं पाणी पुसलं. पप्पा रडत होते. जे मला वर्षभरात जमलं नव्हतं ते त्यांनी चपला काढल्या काढल्या केलं होतं.

मग ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. दोरीवर कपडे वाळत होते. मी म्हणाले, “ताई, मी आधी निघाले होते.”

“मला माहीत आहे.”

“तेव्हाच माहीत होतं?”

“शेवटच्या हाताला मी डोळे वर केले. का केले कुणास ठाऊक, एरवी करत नाही. माझा हात अजून पाण्यावर होता आणि तुझे पाय ब्लॉकवर नव्हते.”

“मग मिठी कशी मारलीस?”

तिनं दोरीवरची एक चादर ओढून सरळ केली. “फलकावर वेळ दिसली ना. वाटलं, मलाच चुकीचं दिसलं असेल. असं वाटून घ्यायला किती बरं वाटलं म्हणून सांगू.”

“आणि सरांना तसं का सांगितलंस?”

“एकोणीस वर्षांची होतीस गं तू. तुला अजून पोहायचं होतं. माझं तर संपलंच होतं.” मग ती माझ्याकडं वळली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज बदलला. “पण मला वाटलेलं, तू बोलशील. सगळ्यांसमोर नको, नुसतं मला. त्या दिवशी वाटलं, आता म्हणेल. दुसऱ्या दिवशी वाटलं. विमानात तुझी बॅग काढून दिली तेव्हासुद्धा वाटलं. एवढंच म्हणायचं होतंस, ‘ताई, माझं चुकलं.’ मी तेवढ्यावर सगळं सोडून दिलं असतं. मी वाट बघत होते गं.”

“आता म्हणते ना, ताई. माझं चुकलं.”

“हं,” ती म्हणाली. “ऐकलं मी.”

मी तिचा हात धरायला पुढं झाले. तिनं तो ओढून घेतला नाही, पण धरलाही नाही. तो माझ्या हातात तसाच राहिला, ओल्या कपड्यासारखा. मी सोडला.

तिनं आम्हाला जेवायला वाढलं. पप्पांना आग्रह करून दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. मला वाढताना विचारलं नाही, पण ताट रिकामं राहू दिलं नाही. निघताना पप्पांच्या पाया पडली. मी चपला घालत होते तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाली, “आलीस ते बरं केलंस. पण आता फोन नको करूस. मला ते सगळं परत आठवायचं नाही. तुला बघितलं की आठवतं.”

परतीच्या गाडीत पप्पा खिडकीपाशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, “चांगली पोरगी हाय.” मी हो म्हणाले. पुढं आम्ही कोल्हापूरचा विषय कधी काढला नाही.

याला आता सात वर्षं झाली. मी तलावावर लहान मुलामुलींना शिकवते. परत आल्यावर चाचांकडं गेले होते, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कल से आ जा. छोटों को तू देख.” ते आता थकलेत, खुर्चीवर बसून असतात. रिले मात्र तेच घेतात. ती मी त्यांच्याकडून अजून मागितलेली नाही.

मध्यंतरी त्या संघातल्या दुसऱ्या एका मुलीनं फोटो पाठवला. ताईची लेक, तीनेक वर्षांची, प्लॅस्टिकच्या टबमध्ये बसून पाणी उडवतेय, आणि मागं ताईचा हात दिसतोय, फक्त हात. मी तो फोटो पप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला. “कळव तिला, छान हाय म्हणून,” ते म्हणाले.

तिचा नंबर आहे माझ्याकडं. पण ती नको म्हणाली होती, म्हणून मी कळवलं नाही.